सुनेत्राचा ठिपका

अपूर्वा : हात का धरलात, बाबा? स्क्रू फिरवल्याशिवाय हा तापमानाचा मीटर जुळणार कसा?

राजाभाऊ : फिरवू नको गो. तो माप जुळवायचा प्रीसेट ठीक आहे. वायर बघ आधी. मिरकरवाड्याच्या खाऱ्या वाऱ्यात वायरच पहिली जाते.

अपूर्वा : वायर नवी, सेन्सर नवा. दोन्ही तुम्हीच बदललेत. सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवलाय आणि मीटर उणे दोन दाखवतोय. शून्य दाखवायला हवं.

बाबल्या : ताई, तेवडा लवकर जुळवा. मासेमारीची बंदी उठली, बोटी धक्क्याला लागल्यात आनि आमच्या बरफाच्या कारखान्यात काल अख्ख्या लाद्या आतून पोकळ निघाल्या. बोटीचा तांडेल मला बोलतो, बाबल्या, बरफ इकतोस का पानी?

अपूर्वा : पण मीटर चुकतोय हे आधी कसं कळलं नाही, बाबल्यादादा?

बाबल्या : कळला व्हता की. काका बोलले, मीटर उणे दहा दाखवला तर तू मनात आठ धर. मी धरीत व्हतो. मंग भावाच्या लग्नाला गावी गेलो नि सूरजला सांगायचा राहिला. त्यानं दिसला तो आकडा खरा मानला नि लाद्या लवकर उपसल्या. त्याचा काय चुकला?

अपूर्वा : बाबा?

राजाभाऊ : काय बाबा बाबा?

अपूर्वा : शून्य जुळल्याशिवाय मीटर मांडवीच्या या दुकानाबाहेर न सोडणारा माणूस गिऱ्हाइकाला सांगतो, मनात वजा कर?

राजाभाऊ : मीटर म्हातारा झाला. चालायचंच.

अपूर्वा : स्क्रू एक केसभर फिरवला असता तर... थांबा. भिंग द्या इकडे. हा लाल ठिपका आईने लावलेला आहे ना?

राजाभाऊ : शेवटचा. बाकीचे मीटर भंगारात गेले, नाहीतर दुसऱ्या कोणी उघडले. एवढा एकच राहिलाय. स्क्रू फिरवला की तो फुटणार.

बाबल्या : कसला ठिपका वो, काका?

राजाभाऊ : नेलपॉलिशचा. कॉम्प्रेसरच्या हादऱ्याने स्क्रू सरकतो रे, म्हणून माप जुळलं की त्यावर ठेवतात. सगळेच ठेवतात. माझे दोन्ही हात अडकलेले, म्हणून मी हाक मारायचो. सुनेत्रा पिठाचे हात पुसत यायची, श्वास रोखून ब्रश टेकवायची, आणि आत निघून जायची. काम झालं की नाही हे मला विचारायचीसुद्धा नाही.

अपूर्वा : लांज्याला मावशीच्या लग्नात तीच बाटली नखांना लावून गेली होती. सगळ्या हसल्या, आज काय स्वतःलाच सील केलंस?

राजाभाऊ : मीही म्हटलं, चला, आता हिचं माप हलायचं नाही. आठवडाभर बोलली नव्हती माझ्याशी. फार आठवते गो ती मला. मीटर उघडला की जास्तच.

अपूर्वा : मी तिकडे पुण्यात काय बनवते, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.

राजाभाऊ : विचारलं होतं. तू म्हणालीस, चिप. त्यावर माणसाने पुढे काय बोलायचं?

अपूर्वा : हाच बनवते. तुमचा प्रीसेट, बिनस्क्रूचा. आत बारीक रेझिस्टन्सची माळ आणि प्रत्येक जोडावर एक स्विच. आकडा सांगितला की त्या जागचा स्विच लागतो. लाईट गेली तरी जागा विसरत नाही.

राजाभाऊ : म्हणजे पायऱ्या. माझा स्क्रू दोन पायऱ्यांच्या मध्येही थांबायचा.

अपूर्वा : म्हणून आत दोन प्रीसेट आहेत. एक मोठ्या पावलांचा, एक मुंगीच्या. त्या दोघांचं जमवण्यात माझं वर्ष गेलं. जरा तापले की एक इकडे पळायचा, दुसरा तिकडे.

राजाभाऊ : आणि कोणी उगाच आकडा बदलला तर?

अपूर्वा : कुलूप ठेवलंय. माप जुळलं की चिपला तशी आज्ञा द्यायची, मग कोणालाच ते हलवता येत नाही. टीममधले म्हणत होते, कशाला, जागा वाया जाते. मी हट्ट सोडला नाही. आमच्या घरी ठिपका ठेवल्याशिवाय काम झालं असं कोणी म्हणत नसे.

(राजाभाऊ भिंग उचलून ठिपका बघतात.)

राजाभाऊ : हे तिला कळायला हवं होतं.

अपूर्वा : कळलं होतं. फोनवर सांगितलं होतं मी. म्हणाली, रंग कोणता ठेवलास?

बाबल्या : काका, सगळा खरा. पन तिकडं बोटी खोळंबल्यात.

राजाभाऊ : हो रे बाबा. फोड तो ठिपका, अपूर्वा. मी खिडकीकडे बघतो.

अपूर्वा : फोडायचा कशाला? स्क्रूला हातच लावायचा नाही. अख्खा प्रीसेट सोडवून काढते. त्याच तीन भोकांत मी आणलेली चिपची पट्टी बसेल, ठिपका आहे तसा राहील.

राजाभाऊ : एवढी साधी गोष्ट. माझ्या कशी लक्षात नाही आली?

अपूर्वा : तो काढायचा असं तुम्ही कधी मनातच आणलं नसेल.

राजाभाऊ : नाही आणलं. सर जरा. सोल्डर मी सोडवतो, तुझा हात जड आहे.

बाबल्या : सांभाळून, काका.

राजाभाऊ : निघाला. बसव तुझी पट्टी.

अपूर्वा : बसली. आता आकडा चढवते. मोठी पावलं... झाली. आता मुंगीची. बाबल्यादादा, बर्फ ढवळत राहा.

बाबल्या : ढवळतोय. उणे एक. उणे अर्धा. शून्य आला बगा. थांबला.

राजाभाऊ : अजून थोडं बघू दे... नाही हलत. लाव कुलूप.

अपूर्वा : लावलं.

बाबल्या : मंग मी आता मनात काय धरू?

राजाभाऊ : काही धरू नकोस. दिसेल ते वाच. पळ, आणि सूरजला ओरडू नको.

अपूर्वा : बाबा, हा जुना प्रीसेट कुठे ठेवू? याला आता काही काम नाही.

राजाभाऊ : माझ्या खिशात दे. मला तरी कुठे आहे.