गोधडीचा घास

चहा घ्या, पण माझ्यापुढं गोधड्यांचं नाव काढू नका. उमरग्याच्या एका व्यापाऱ्यानं आमच्या मुरुमच्या बायांकडून परदेशी पाठवायला शंभर गोधड्या शिवून घेतल्या. कापड वाटायचं आणि माल गोळा करायचं काम माझ्याकडं. सगळा माल समुद्रापलीकडून परत आला. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा, आणि त्याला कीड लागलेली.

शिवणाऱ्या बायांत माझी बायको पुढं. तिला विचारलं, तर म्हणाली, "शेवटचा कोपरा शिवताना गोधडीला घास घालावा लागतो. उपाशी गोधडी कुणाला ऊब देईल वो?"

मी हात जोडले. "अगं, त्यांना भाकरी नको. पुन्हा सापडली तर तुमचं सगळ्यांचं काम जाईल."

"बरं, न्हाय घालत."

दुसऱ्यांदा माल निघायच्या दिवशी मला राहवेना. एक कोपरा चाचपला, तर कडक लागला. उसवला, तर आत बिस्किट!

"अगं, हे काय?"

"तुमीच म्हणालात की, त्यांना भाकरी नको!"

दिवसभर शंभर कोपरे उसवत बसलो. घ्या, चहात बुडवा. अजून लई आहेत.