बँकॉकातला मासा

बँकॉकचं विचारताय, तर ऐका. आमच्या वसंताची तिथली बढती त्याच्या मराठी साहेबांच्या हातात, म्हणून त्याने त्यांना बड्या हॉटेलात जेवायला नेलं. मलाही नेलं, वर "आई, तू गप्प राहा हां" असं बजावलं. तिथे काचेच्या टाकीत मासे पोहत होते. बोट दाखवाल तो शिजवून देणार. मी दाखवलेला मासा वेटर जाळीत घेऊन आला. ताजेपणाची खात्री म्हणून लाल कल्ले बघितल्याशिवाय मी आमच्या बुरोंडीच्या मासळीबाजारातसुद्धा कधी मासा घेतला नाही. घातला हात.

"आई, अगं जिवंत आहे तो."

"असेना. कल्ले बघू दे."

माशाने शेपटी हाणली ती थेट साहेबांच्या तोंडावर. वसंता पांढराफटक. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "काकू, झाली खात्री?"

"झाली," म्हटलं. "पण हा लहान आहे. पलीकडचा दाखवायला सांगा."