हवा ओढायची नळी

परभणीत स्पेअरपार्टच्या दुकानात माझ्यापुढं एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"जुन्या गाडीची कार्बोरेटरची नळी द्या. सगळी गाडी जोडली, हिच्यापाशीच अडलो. दुसरं टोक कुठं लावायचं तेच आठवंना."

"अहो, ते पेट्रोलच्या कॉकला जातंय."

"तुला काय ठावं, मल्लम्मा?"

"मलाच ठावं. लग्न नवं होतं तवा वालूरात तुमीच म्हनायचे, तोंडानं ओढून बघ. मी हवा ओढली की कॉक उघडून पेट्रोल सुटायचं."

"अन् रबराच्या वासानं तू दिवसभर थुकत बसायचीस."

"तरी ओढायचेच की! आता कोन ओढनार?"

"तूच."

"दम पुरंल का माझा?"

"लय पुरंल. मालक, नळी हातभर लांब द्या, मागून कापून घेईन. हिला आता वाकता येत न्हाई."