ईशाची शाळा संपली

अमेरिकेत टेक्सासमधल्या अर्विंगच्या सोशल सिक्युरिटी ऑफिसात पेन्शनच्या कामाला आलेल्या रोहिणीताईंना मागच्या बाकावरचं मराठी ऐकू आलं. एक विधवा बाई आणि तिचा दीर बोलत होते.

"वहिनी, ईशाची शाळा संपली की दादाच्या मागे तिला सरकारकडून मिळणारे पैसे बंद. शाळेत असली तर एकोणीसपर्यंत मिळतात. तोवर शाळेतच ठेवा तिला."

"नापास करून?"

"प्रॅक्टिकल व्हा. युनिव्हर्सिटी कुठे पळून जातेय?"

"हे गेले तेव्हा 'काही लागलं तर सांगा' म्हणाला होतात ना? तिची फी लागतेय."

"माझे पैसे प्लेनोच्या नव्या घरात अडकलेत हो!"

"म्हणजे नापास व्हायचं ते तिनंच!"

नंबर पुकारला. बाई उठली.

"काय सांगणार आहात?"

"पोरगी पहिली आली म्हणून सांगते आणि पैसे बंद करायला लावते."

रोहिणीताईंनी वळून दिराकडे पाहिलं. त्यानं फोनमध्ये डोकं खुपसलं.