सखूबाईची अर्धी गोळी

पायपिटीनं नाही गं थकले मी, सखूबाईनं थकवलं. तेव्हा मी नागपुरात विणकरांच्या वस्तीत घरोघरी बीपी मोजत फिरायची. गोळ्या देऊनही तिचं उतरेना. डॉक्टर म्हणाले, अशानं एक दिवस हार्ट अटॅक येईल.

"रोज गोळी घेता ना?"

"अर्धी घेतो. अर्धी बुढ्याले देतो. एकाच मागावर बसतो आम्ही, त्यालेही चक्कर येते."

बुढ्याला मागावरून उठवून मोजलं, तर बायकोपेक्षा जास्त! डॉक्टरांचे पाय धरून त्याचीही गोळी सुरू केली. महिन्यानं गेले, तर दोघांचंही बीपी तसंच.

मी ओट्यावर बसकणच मारली. "आता कोणाले देता, सखूबाई?"

"दोन अर्ध्या उरतात नं, बाई. शेजारीही बुढाबुढी दोघंच हायेत."