माळ्यावरचे आवाज

कमल : तीन आवाज, दादा. एक डॉक्टरचा, एक म्हाताऱ्याचा, आणि तिसरा… तिसरा माणसाचा नव्हताच.

धोंडू : आणि माळ्यार होता कोण कोण?

कमल : कोण असणार? एकटा दौलत. मी खाली भाकऱ्या थापत होते. एकदा वाटलं, शिडी काढूनच ठेवावी.

धोंडू : शिडी काढलंस आणि तो वरच रवलो, मग? भाकरी फेकून देतलंस?

कमल : मस्करी नको करूस. तुला शिवडीवरनं मस्करीसाठी नाही बोलावलं.

धोंडू : बरां, बरां. काय बोलत होतो?

कमल : डॉक्टर म्हणाला, "ह्याला आत टाका." म्हातारा म्हणाला, "मी खुळा नाही. ते आकाशातनं उतरलेत. तुमच्यातच येऊन बसलेत." आणि मग तो तिसरा. त्याला शब्दच नव्हते. नळाला पाणी यायच्या आधी पाइप कसा करतो, तसं काहीतरी.

धोंडू : मोबाइलवर बोलत आसात कोणाशी.

कमल : मोबाइल इथे फ्रिजवर होता, चार्जिंगला. बघितला ना मी.

धोंडू : हं.

कमल : आणि त्याच्या आधी गॅलरीत उभा राहून फोनवर कुणाला तरी म्हणत होता, "वेड्यांचं इस्पितळ मिळतंय का बघ ना. नाहीतर परग्रहावरचे पण चालतील. घरी फोन करू नकोस, आईला कळायला नको."

धोंडू : परग्रहावरचे पण चालतील?

कमल : अस्संच म्हणाला. दादा, ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. गिरणीचा संप लांबला, लांबला, आणि एक दिवस हे एकटेच बोलायला लागले. आम्ही हसलो. मग पहाटे उठून चालायला लागले. मग ठाण्याच्या इस्पितळात ठेवावं लागलं. तूच होतास ना सोबत?

धोंडू : होतंय. पण गुणाजीची गोष्ट वेगळी गो. हातातला काम गेला, मान गेलो. माणूस किती सोसतलो?

कमल : मग ह्याच्या हातातलं काय गेलंय? नोकरी आहे. काचेचं ऑफिस, लोअर परळला, बाप ज्या गिरणीत होता त्याच आवारात. काही गेलेलं नसताना बोलतोय, म्हणजे रक्तातच आहे म्हणायचं ना? तेवढं कळू दे मला. हो तर हो. वेळेवर कळलं तर वेळेवर धावता येईल.

धोंडू : कोणाक सांगितलंस?

कमल : शेजारच्या शेवंतीलासुद्धा नाही. रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. कणकवलीची माणसं मुलगा बघायला येणार होती, त्यांना तेवढं थांबवलं.

धोंडू : काय सांगून?

कमल : मुलाला कावीळ झालीय.

धोंडू : शाबास. आता अख्खी कणकवली काविळीच्या औषधाचो पाळो शोधत फिरत आसतली.

कमल : शूऽ, आला. चपला वाजल्या. तू काही बोलू नकोस, मी बरोबर काढून घेते.

(दौलत खांद्यावरची बॅग उतरवत आत येतो.)

दौलत : अरे, मामा! आज कसा काय तू? तब्येत बरी ना?

धोंडू : माझी बरी आसा. माळ्यार कोण रवता रे तुमच्या?

कमल : दादा!

धोंडू : माका फिरवून फिरवून विचारूक जमणा नाय. दौलत, तू वर एकटो बसून बोलतंस म्हणे. तीन तीन आवाजात.

दौलत : आई, तू ऐकलंस?

कमल : एवढ्याशा खोलीत ऐकायचं काय राहतं?

दौलत : तो तिसरा आवाज पण ऐकलास?

कमल : ऐकला.

दौलत : कसा वाटला?

कमल : बघ दादा! विचारतोय, कसा वाटला!

दौलत : नाही, म्हणजे भीती वाटली का? खरं खरं सांग.

कमल : वाटली तर! तव्यावरची भाकरी करपली माझी.

दौलत : येस! …सॉरी, आई, सॉरी. तसाच हवा होता मला, म्हणून. अगं, तो खेळ आहे.

कमल : कसला खेळ?

दौलत : ऑफिसातले आम्ही काही जण खेळतो, गिरगावात, लहूच्या घरी. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. म्हणजे मी सांगणार, "तुम्ही जुन्या इस्पितळाच्या दारात आहात, आतून कोणीतरी हाक मारतंय, काय करता?" मग ते सांगणार, काय करतात ते. काही कठीण करायला गेले तर फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. ह्या खेपेला गोष्ट चालवायची माझ्यावर आलीय, म्हणून वर आवाज बसवत होतो.

कमल : फासे? म्हणजे जुगार?

दौलत : अगं, पैसे नसतात त्यात.

कमल : आणि इस्पितळ कशाला शोधत होतास? परग्रहावरचे कशाला?

दौलत : त्यांना तसलीच गोष्ट पायजे. एकतर आकाशातनं आलेलं काहीतरी, इतकं मोठं, इतकं जुनं की माणसाच्या डोक्यात मावत नाही. बघितलं की खलास. नाहीतर मग वेड्यांचं इस्पितळ. इंटरनेटवर तयार गोष्टी असतात, कधीपासून शोधतोय. सगळ्या तिकडच्या, अमेरिकेच्या. धुकं, बर्फ, जुना बंगला. त्यातल्या बऱ्या असतात त्या लहूनं आधीच वाचलेल्या. दार उघडायच्या आधीच सांगतो, आत काय बसलंय ते.

धोंडू : असलो एक आमच्या नाटकात पण होतो. वधाच्या आधीच मरून मोकळो.

कमल : तू थांब, दादा. दौलत, मला नाही पटत.

दौलत : का?

कमल : तुझे बाबाही असंच हसून सांगायचे. "मला काही झालं नाही कमल, मी गंमत करत होतो."

दौलत : …हे मला कधी कोणी बोललं नाही.

कमल : काय बोलायचं त्यात?

दौलत : ठाण्याचं माहीत होतं. म्हणून तर माळ्यावर गेलो ना मी. तुझ्यासमोर 'वेडा' हा शब्द नको.

धोंडू : माका एक सांग. ह्या तुमच्या खेळात नाटक लिवलेला असता?

दौलत : नाही. कोण काय बोलणार, कोणालाच माहीत नसतं.

धोंडू : आणि जो चालवता, त्याका फक्त कथा म्हायत?

दौलत : हां. बाकी सगळं जागच्या जागी.

धोंडू : कमळा! अगो, ह्यो तर दशावतार!

कमल : काहीतरी बोलू नकोस.

धोंडू : काहीतरी? ह्याच चाळीच्या पटांगणात राक्षस केलंय मी. कागद कधी हातात धरलो? मालक पडद्यामागे सांगायचो, आज अमुक आख्यान, तू गर्जना करीत जा, राजा तुझो वध करतलो. बस. पुढचा तोंडाक येयत ता. एकदा राजाक खराच बाण लागलो माझो. तरी मरूक तयार नाय. म्हणता, "राक्षसा, तूच मेलंस!"

दौलत : मग?

धोंडू : मग काय! पखवाजवाल्यान बडवून बडवून माकाच पाडलो. फासो असतो तर न्याय तरी झालो असतो.

कमल : पण तू कधी घरात एकटा बडबडत नव्हतास.

धोंडू : कारण आमी तालीम कधी केलीच नाय गो! आपल्या खानदानात कोणी तालीम केली नाय, म्हणून तुका तालीम ऐकून खूळ वाटला.

दौलत : आई, असं कर. आत्ता खेळूया, इथेच. तू मला बघ. तरी तुला वाटलं तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो.

कमल : येशील?

दौलत : येईन. तुझ्याबरोबर. वाद न घालता.

कमल : बरं. पण मी राणीबिणी काही होणार नाही.

दौलत : बाई हो. इस्पितळाच्या दारात आलीय. तिचा माणूस आत… नको, सॉरी. दुसरं काहीतरी घेऊ.

धोंडू : होय, दुसरा घे.

कमल : तेच असू दे. ते दार मला माहीत आहे.

दौलत : मग मामा, तू आतला माणूस.

धोंडू : मी? हिचो घोव? अरे, सख्खो भाव मी!

दौलत : राक्षस झालास तेव्हा सख्खा राक्षस होतास का? बस तिकडे, खाटेवर. ह्या माणसाला आकाशातलं काहीतरी ऐकू येतं, म्हणून त्याला कोंडलंय.

धोंडू : काय ऐकू येता?

दौलत : तिथेच अडलंय माझं. त्या गोष्टींमध्ये घंटा असतात, मंत्र असतात. लालबागच्या माणसाला घंटेनं काय होणार?

कमल : भोंगा.

दौलत : काय?

कमल : गिरणीचा भोंगा. गिरणी बंद पडलेली, तरी ह्यांना पहाटे वाजायचा. शर्ट अडकवून निघायचे. अख्ख्या चाळीत दुसऱ्या कोणाला ऐकू नाही यायचा.

दौलत : …आई, मी हे घेऊ? ते आकाशातले वरून भोंगा वाजवतात. ज्यांना ऐकू येतो ते उठून चालायला लागतात.

कमल : आणि ज्यांना ऐकू येत नाही ते त्यांना कोंडून ठेवतात.

दौलत : हो.

कमल : म्हणजे तुझ्या गोष्टीत ते वेडे नाहीत.

दौलत : गोष्टीत नाहीत.

कमल : घे मग.

दौलत : चल. "ओ बाई! भेटायची वेळ संपली. उद्या या."

कमल : हा कोण आता?

दौलत : दरवान. बोल त्याच्याशी.

कमल : अहो, लांबनं आलेय मी, लालबागवरनं. जरा भेटू द्या ना.

दौलत : "सगळ्याच लांबनं येतात. डब्यात काय?"

कमल : बांगडा. …दादा, असाच होता रे तो मेला. असाच बोलायचा.

धोंडू : आणि बांगडो खायचो.

दौलत : "ठेवा इथं डबा, आणि जा." आता आत काळोख आहे. आई, इथे तो तिसरा आवाज येतो. काढू? घाबरणार नाहीस ना?

कमल : काढ. माझ्याकडे बघून काढ.

दौलत : …झाला.

कमल : पुन्हा.

दौलत : …बस? आई, रडतेस?

कमल : रडत नाही. तोंड बदललं तुझं, गळा बदलला, डोळे नाही बदलले. आवाज तो भुतासारखा, आणि डोळे मिश्कील, आता ही घाबरते की काय बघायला. ह्यांचे डोळेच जायचे रे. समोर बसलेले असायचे आणि नसायचे. तू आहेस. जागेवर आहेस, बाबा.

दौलत : म्हणजे डॉक्टरकडे नको?

कमल : कशाला? खोकला झालाय तुला?

धोंडू : उगीच कावीळ केलंस त्याका.

दौलत : कसली कावीळ?

कमल : ती उतरली. कणकवलीला कळवते मी.

दौलत : आई, एक बोलू? मलाही वाटायचं. बाबांचं माझ्यात असेल म्हणून. कुठे बोलणार? ह्या खेळात बरं वाटतं. हवं तेवढं घाबरायचं, मग फासे डबीत भरायचे आणि घरी यायचं.

कमल : मला बोलायचं होतंस.

दौलत : तू तरी मला कुठे बोललीस?

धोंडू : अरे, माका खाटेवर बसवून ठेवलास आणि मायलेकरां गप्पा मारतत. माझा आख्यान पुढे जातला की नाय?

कमल : हां, हां. गेले का रे मी आत?

दौलत : गेलीस. लांब खोली. तो खाटेवर बसलाय, तोंड खिडकीकडे. तुला ओळखतो की नाही, कळत नाही. तू काय करतेस?

कमल : जवळ बसते. विचारते, काय ऐकू येतं तुम्हाला? …हे तेव्हा कोणी विचारलंच नाही. सगळे सांगायचे, कुठे काय वाजतंय, काही वाजत नाही.

धोंडू : "भोंगो वाजता गो. कधीपासून वाजता. सगळे गेले आसतले, मी एकटोच हय रवलंय."

कमल : मला पण ऐकायचाय.

दौलत : थांब, नियम सांगतो. ऐकलास तर तुझंही डोकं फिरू शकतं. फासा टाकावा लागेल. छोटा आकडा आला तर तूही आत.

कमल : आण तो इकडे. …काय पडलं?

दौलत : …वाचलीस. चांगलीच वाचलीस.

कमल : मग येतो का ऐकू?

दौलत : येतो. आकाशातनं, सगळ्या शहरावरनं. फक्त तुम्हा दोघांना. काय सांगतोय, ते आता तू बोल.

कमल : मी? गोष्ट तू चालवतोयस ना?

दौलत : पण ऐकू तुला येतोय.

धोंडू : "कामार जावचा आसा ना गो? डबो भर. उशीर झालो माका."

कमल : नाही हो, नीट ऐका. हा बोलवायचा भोंगा नव्हे. सुटायचा आहे. चला, घरी जाऊ.