पूंगोडीचा नवरा

…तर अख्ख्या कुंभकोणममध्ये माझ्याइतक्या कादंबऱ्या वाचलेला दुसरा माणूस तुला सापडायचा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो — म्हणजे शेवटची पानं. पहिली पानं फारशी वाचली नाहीत, खोटं कशाला बोलू. पहिल्या पानावर असतंच काय? पाऊस, रस्ता, गाडी, गाडीत एक बाई, बाईच्या मांडीवर पिस्तूल. कव्हरवरही तीच बाई आणि तेच पिस्तूल, फक्त कव्हरवर पदर जरा जास्त ढळलेला. चहाच्या टपरीवर चिमट्याला लटकलेली असायची ती पुस्तकं. मी टॉकीजमध्ये डोअरकीपर, हातात बॅटरी — आत पिक्चर चालू, बाहेर मी बॅटरीच्या उजेडात शेवटचं पान उघडून बसलेला. उशिरा येणाऱ्याला खुर्ची दाखवायची आणि कानात हळूच पिक्चरचा शेवट सांगायचा, “खुनी वकील आहे.” काय तोंडं व्हायची एकेकाची! — अगं बस की, उभी का? त्या खुर्चीचा एक पाय मी मुद्दाम आखूड ठेवलाय, पाहुणे दचकतात, मजा येते… नाही आली मजा? बरं. इकडे ओट्यावर बस, इथं काही खोडी नाही.

ओळखलं मी तुला. पिशवीतून पुस्तक डोकावतंय, त्यावर तुझंच नाव आहे — तेनमोळी. त्रिचीहून सकाळच्या बसनं आलीस, दारात उभी राहिलीस, “विशालाक्षीअम्मा इथंच राहतात ना?” म्हणालीस, आणि मी “हो, मी मासिलामणी, त्यांचा नवरा” म्हटल्याबरोबर माझ्याकडे जे बघितलंस — बाई गं, खिसेकापूकडेसुद्धा कुणी तसं बघत नाही. आणि त्या रिक्षावाल्याला कोपऱ्यावर थांबायला सांगताना म्हणालीस, “जाताना आम्ही दोघी असू.” कान शाबूत आहेत माझे. दोघी! म्हणजे विशालाक्षीला या राक्षसाच्या तावडीतून सोडवून न्यायला आलीस तू. आधी हसूच आलं मला. मग नाही आलं.

आता ऐक, आणि ओरडू नको, ती शेजारी अंजलैकडे गजरे ओवायला बसलीये, भिंत पातळ आहे. विशालाक्षी नाहीच. म्हणजे आहे — बायको आहे माझी, विशालम म्हणतो मी तिला. पण तुझ्या गोष्टीखाली फोनवर दर शुक्रवारी जी विशालाक्षी लिहिते, ती… ती मी. हां, मीच. हा मिशीवाला. लेकीनं तिचा जुना फोन दिला, त्यात ते गोष्टींचं ॲप होतं, त्यानं नाव विचारलं, मी बायकोचं टाकलं. आपल्याकडे लिहिणाऱ्या पुरुषांची जुनी खोडच आहे ती, बायकोच्या नावानं लिहायची — मग वाचणाऱ्यानं का मागं राहावं? असं म्हटलं मी स्वतःलाच, आणि खूश झालो. पुस्तक पाठवते, पत्ता द्या म्हणालीस, तेव्हा फुकटातलं पुस्तक मिळतंय म्हणून पत्ताही देऊन बसलो. मला काय ठाऊक, पुस्तकाबरोबर तू येशील!

अशी बघू नको. माझं ऐकून तर घे. तुम्हां पोरींच्या गोष्टी मी मन लावून वाचतो, अगदी पहिल्या पानापासून — फोनवर शेवटचं पान आधी उघडताच येत नाही ना, तिथं पुरता फसलो. काय असतं त्यांत? नवरा कोइम्बतूरचा गिरणीवाला, उंच, रागीट, हसेल तर शपथ. लग्न करतो ते सूड म्हणून, नाहीतर कागदावर सह्या करून वर्षभराच्या बोलीवर. ती गरीब, पण केस कंबरेखाली. प्रत्येक भागाच्या शेवटी दार वाजतं आणि पुढच्या शुक्रवारी कळतं, दूधवाला! आठवडाभर जीव टांगणीला, आणि दारात कोण तर दूधवाला! मी खो खो हसतो आणि शुक्रवारी पुन्हा फोन घेऊन बसतो. वाईट आहेत असं नाही म्हणत मी. खाणावळीतल्या सांबारासारख्या आहेत — रोज तेच, आणि रोज लागतं. आणि तो रागीट नवरा! बायकोला टाकून बोलतो, चारचौघांत तिचा पाणउतारा करतो, आणि वाचणाऱ्या बाया खाली काय लिहितात? “किती गोड!” मग कधीतरी त्याला ताप भरतो, तापात तो बरळतो, आणि कळतं की लहानपणी त्याची आई त्याला टाकून गेली होती. झालं! सगळं माफ. बायको डोळे पुसते, उशाशी बसते, रसम् भरवते. दर गोष्टीत. प्रत्येक राक्षसाच्या पोटात एक रडणारं पोर तुम्ही आधीच ठेवून दिलेलं असतं.

तुझा कदिरवेलही आधी तसलाच होता की. गिरणी, गाडी, कपाळाला आठ्या. आणि त्याची बायको पूंगोडी बिचारी रडतेय. मला चेव आला. गंमत म्हणून मी लिहिलं, बायकोच्या नावानं — “तेनमोळीअम्मा, तुमचा कदिरवेल निदान ओरडतो तरी. माझा नवरा हसतो.” हे वाक्य मला कुठून सुचलं देव जाणे. लिहिलं आणि मांडीवर थाप मारून हसलो. आणि तुझं उत्तर आलं — “अम्मा, अजून सांगा.” अजून सांगा! पोरी, जन्मात मला कुणी ‘अजून सांगा’ म्हटलेलं नाही. सगळे ‘पुरे’ म्हणतात. मग काय, मी सुटलोच. तिखटमीठ लावून लिहीत गेलो — म्हणजे मीठ लावलं. तिखट होतंच.

नाही, नाही, तसं नव्हे. खोटंच ते सगळं. गोष्ट रचली मी, तुझ्यासारखीच. आता तो चष्मा बघ. तांदळाच्या डब्यात लपवला असं लिहिलं ना? तर लपवला होता, पण छळायला नव्हे, गंमत! एका दुपारची गंमत. ती शोधत बसली, मी पोट धरून हसलो, मग टॉकीजला गेलो आणि विसरलो. तिनंही विचारायचं सोडलं. चष्मा सापडला तोवर तिला वाचल्याशिवाय राहायची सवय झाली होती, यात माझा काय दोष? माझ्याहून जास्त शिकलेली आहे ती, दहावी पास, मासिकं वाचायची भराभर. आणि तसंही तिला पुस्तकात फार रस उरला नव्हता, कारण पुस्तक हातात घेतलं की मी खुनी कोण ते सांगून टाकायचो. कव्हर उघडायच्या आत! तिचं तोंड असं व्हायचं — काय सांगू — पहिल्यांदा हसली होती. पहिल्यांदा नक्की हसली होती. आणि गाण्याचं म्हणशील, तर तिच्या गाण्याची नक्कल मी पाहुण्यांसमोर करायचो, हे खरंय, पण सगळे हसायचे गं! नक्कल हुबेहूब होती. पुढं ती कढईशीसुद्धा गुणगुणेनाशी झाली, ते वयामुळं असेल. घसा बसतो बायकांचा.

तू मात्र सगळं उचललंस. तुझ्या कदिरवेलची गिरणी गेली, आठ्या गेल्या, रागिटाचा हसरा झाला. कोपऱ्यावर उभा राहिला की गल्ली हसते, पोरं मागं लागतात, सगळे खूश — एक बायको सोडून. आणि खाली बायांनी जे लिहिलं! “याच्या हाताला किडे पडोत.” “असल्याला उपाशी ठेवा.” एकीनं तर लिहिलं, “विशालाक्षीअम्मा, तुम्ही त्याच्या कॉफीत मीठ घाला,” आणि मी खाली विशालाक्षी म्हणून हात जोडलेलं चित्र टाकलं. हसून हसून ठसका लागला मला. बायकोनं पाठ चोळली माझी. “काय झालं हो?” म्हणाली. मी म्हटलं, “काही नाही, एक मूर्ख माणूस आहे.”

इथवर गंमतच होती. पण अंजलैची सून गजरे ओवताना सगळ्या बायांना तुझी गोष्ट वाचून दाखवते, फोन भिंतीला टेकवून. मला पत्ताच नव्हता. परवा विशालम रसम् वाढता वाढता थांबली. पळी हातात तशीच. म्हणाली, “अहो, या लिहिणाऱ्या बाईला आपल्या घरातलं कसं कळतं?” मी म्हटलं, “सगळी घरं सारखीच.” तर म्हणाली, “नाही. चष्मा तांदळात.” बस, एवढंच. मग रसम् वाढलं. मी काहीतरी चुटका सांगितला — मला सवय आहे, गप्प राहता येत नाही — आणि सांगून झाल्यावर, पोरी, मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं गल्लीतल्या प्रत्येकाचं तोंड न्याहाळत आलो, हसला का, हसला का — हिच्याकडे बघायचंच राहून गेलं होतं. ती भात कालवत होती. शेवटी म्हणाली, “पुढच्या शुक्रवारी शेवटचा भाग आहे. पूंगोडी घर सोडून गेली ना, तर मीही जाणार, मन्नारगुडीला, बहिणीकडे.” मी म्हटलं, “किती दिवस?” “तुमचं काय अडतंय? हसायला गल्ली आहे की.”

ट्रंक खाली काढून ठेवलीये तिनं. बघ, दारातून दिसते. धुऊन पुसून उन्हात ठेवली, आता आत आणलीये.

म्हणून मी कारण शोधायला बसलो. हो, हसू नको — अं, तू कुठं हसतेयस. तुमच्या गोष्टींत प्रत्येक वाईट नवऱ्याला कारण असतं, तर मलाही असलंच पाहिजे, नाही का? ते सापडलं की तिला सांगेन, ती डोळे पुसेल, ट्रंक वर जाईल. आई? आई होती की, म्हातारी होऊन गेली, जायच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्या ताटात जास्त तूप वाढत होती. बाप मारकुटा नव्हता. गरिबी म्हणशील तर सगळ्या गल्लीची होती. प्रेमात कुणी दगा दिला नाही, कुणी विचारलंच नाही. काल रात्री जरा ताप आला, तेव्हा मुद्दाम डोळे मिटून बरळून पाहिलं, आतून काही निघतंय का — काही निघेना. विशालमनं कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि म्हणाली, “नाटक पुरे.” मला कारणच नाही, पोरी. लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं, एवढंच. याच्यावर कुणी गोष्ट लिहील का? लाज वाटते सांगायला. राक्षस म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्याला निदान एखादी गुहा असते.

तर तूच दे ना एखादं. लेखिका आहेस. कदिरवेलला दे, मग ते मी घेईन. लहानपणी त्याला कुणीतरी विहिरीत ढकललं, असलं काहीतरी — तुला जमेल, तुमच्या हातचा मळ तो. आणि पूंगोडीला परत आण. बसमध्ये बसव हवं तर, रडू दे, खिडकीबाहेर बघू दे, पण वाटेत नीडामंगलमच्या स्टँडवर उतरव आणि परतीच्या बसमध्ये चढव. बाया शिव्या घालतील तुला, घालू देत, मी विशालाक्षीच्या नावानं खाली लिहीन, “शेवट फार छान झाला” — नाही, नाही लिहीत, ते बंद, शपथ. फोन घेऊन जा हवा तर. ही खुर्चीही सुताराकडे देतो आजच. आणि तिला एवढंच सांगू नको की लिहिणारा मी होतो. तिला वाटतंय, तिचं दुःख कुठल्या तरी शहाण्या बाईला दुरून कळलं. तेवढं राहू दे तिच्याकडे. नवऱ्यानं त्याचीही गंमतच केली हे कळलं, तर ती मन्नारगुडीहून… नको.

थांब — चपला वाजल्या. अंजलैकडची मंडळी उठली वाटतं. आत्ता येईल ती, तुला कॉफी विचारील, पितळी पेल्यातून देईल, आणि तू कोण ते विचारील. रिक्षा परत पाठव. सांग की वाट चुकून आलेय. आणि शुक्रवारी पूंगोडीला परत आण, एवढा शब्द दे मला. हात जोडतो, बघ. ही नक्कल नाही. बोल ना काहीतरी, आल्यापासून मीच बडबडतोय —

“आणीन की तिला परत, आजोबा. फक्त एवढं सांगा — कुणाकडे?”